शेतकऱ्याची पोर कँडीत

कँडीला पोचल्यावर चौथ्याच दिवशी मी एका भिक्खूवर ओरडले. देवळात नव्हे, वर्गात. पण शहर असं की तिथं वर्ग आणि देऊळ यांत फार अंतर नाही. बुद्धाचा दात या शहरात जपून ठेवलाय, त्याच्या दर्शनाला अख्खी श्रीलंका पांढरे कपडे घालून येते, आणि मी तिथं पाली भाषेत एम.ए. करायला बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या बाजूच्या एका खेड्यातून गेले होते. मुलगी लंकेला शिकायला चाललीय म्हटल्यावर आमच्या गावातल्या लोकांनी रावणावरून जेवढे विनोद करता येतात तेवढे करून घेतले. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, विनोद केला नाही. तो एवढंच म्हणाला, "पंधरा दिवसात राहायची नीट सोय न्हाई झाली तर गप परत यायचं. उदगीरचं स्थळ थांबायला तयार हाय."

सोय झाली नव्हती. मुलींच्या वसतिगृहाचं छत काढून ठेवलं होतं, मला पाहुण्यांच्या खोलीत पंधरा दिवसांपुरती एक खाट मिळाली होती. त्यामुळं मी आधीच तापलेली होते, हे माझ्या बाजूनं सांगते.

आमचे पाली शिकवणारे भन्ते म्हातारे आणि फार कडक. मी सहीसाठी फॉर्म पुढं केला. त्यांनी हात पुढं केला नाही, टेबलाकडं बोट दाखवलं. मी फॉर्म टेबलावर ठेवला. मग त्यांनी तो उचलला, सही केली आणि परत टेबलावरच ठेवला. माझ्या हातात काही दिला नाही.

माझं डोकं फिरलं. गावच्या किराणा दुकानात माझ्या आईला पुडा कधी हातात मिळाला नाही. दुकानदार तो पायरीवर ठेवायचा, आई वाकून उचलायची. मी लहानपणी तिच्या पदराला धरून ते बघितलेलं आहे. मला वाटलं, यांना कळलं. कसं कळलं ते देव जाणे, पण कळलं. मी आधी इंग्रजीत सुरू केलं, मग हिंदीत गेले आणि शेवटी सरळ मराठीत उतरले. "इथंपण हेच करायचं होतं तर आम्ही धम्म कशाला घेतला?" असं मी त्या म्हाताऱ्याला भर वर्गात विचारलं. त्यांना एक अक्षरही कळलं नाही. ते शांतपणे माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यानं मी आणखी भडकले.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन गेली. व्हरांड्यात तिनं मला समजावलं. तो विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे, सगळे भिक्खू इतका कडक पाळत नाहीत, हे पाळतात. कुठल्याच बाईच्या हातून ते काही घेत नाहीत. "माझ्याही हातून घेत नाहीत, स्वतःच्या आईच्या हातूनही घेणार नाहीत," ती म्हणाली.

म्हणजे बाई म्हणून शिवत नाहीत, एवढंच ना, असं वाटून मला अगदी हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यावर मी नंतर पुष्कळदा हसले आहे. पण त्या दिवशी मी आत गेले, भन्तेंना तीनदा वंदन केलं आणि माफी मागितली. त्यांनी फॉर्म टेबलावरून माझ्याकडं सरकवला.

ती मुलगी माझी मैत्रीण झाली. पहिल्या दिवसांत परक्या गावात कुणी भेटतं तशी नव्हे, खरी. तिनं मला सिमकार्ड घेऊन दिलं, बसवरच्या पाट्या वाचायला शिकवल्या, सिंहली आकडे पाठ करून घेतले, कुठल्या दुकानात तिखट कमी असतं ते सांगितलं. तिखटाचं ऐकून मी हसले. बिदरच्या माणसाला तिखटाची भीती घालणं म्हणजे कमालच. तिचं गाव डोंगरात, बसनं अडीच तासांवर. पहाटे उजाडायच्या आत निघायची, पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर डुलक्या घ्यायची. दुपारी आम्ही तळ्याकाठी बसायचो आणि तिच्या आईनं केळीच्या पानात बांधून दिलेला भात खायचो. एका पानातून, दोघी.

तिथंच एका दुपारी मी तिला सगळं सांगितलं. आम्ही कोण, किराणा दुकानाची पायरी, गावच्या मिरवणुकीपुढं हलगी वाजवणारा माझा आजा. दीक्षा घेतल्यावर आज्यानं हलगी मांजरा नदीत टाकली आणि पुन्हा कधी कुणाच्या दारात वाजवली नाही, हे आमच्या घरात देवाच्या गोष्टीसारखं सांगतात. तेही सांगितलं.

तिनं पानातला भात बोटांनी माझ्या बाजूला सरकवला. मग म्हणाली, "माझे वडील ढोल वाजवतात. देवळात. बुद्धासमोर."

मी म्हणाले, "मग चांगलंय की."

"चांगलंय," ती म्हणाली. "ढोल गळ्यात असतो तोपर्यंत."

मग तिनं हळू आवाजात सांगितलं. त्यांच्याकडंही जाती आहेत. ढोल वाजवणाऱ्यांची जात खालची. जुन्या लोकांच्या घरात त्यांना खुर्ची मिळत नाही, वीतभर उंचीचं एक बुटकं स्टूल असतं, ते पुढं सरकवतात. तिच्या वडलांनी मुलांच्या शाळेच्या आधी पेपरात जाहिरात देऊन आडनाव बदलून घेतलं होतं. वर्गात कुणाला हे माहीत नव्हतं. "तुला सांगितलं कारण तू सांगितलंस," ती म्हणाली.

मी तिचा हात घट्ट धरला. त्या क्षणी मी तिच्यासाठी कुणाशीही भांडले असते. हे मी खरं सांगते, आणि म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

घर तिनंच शोधलं. कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर एक निवृत्त शाळामास्तरीण एकटी राहत होती. तिच्याकडं पोरींसाठी दोन खोल्या होत्या, शेजारी शेजारी. मैत्रिणीचा बेत असा की आधी मी जायचं. परदेशी मुलगी, पाली शिकणारी, बाई खूश होईल. मी आत शिरले की आठवड्याभरानं माझ्या ओळखीनं ती येईल. रोजचे पाच तास वाचतील. तिला एम.ए.ला पहिला वर्ग मिळवायचा होता. गावातल्या शाळेत शिकवणं तिला नको होतं, कॉलेजात शिकवायचं होतं, आणि बसमध्ये झोपून ते होणार नाही हे तिला चांगलं माहीत होतं. त्या खोलीबद्दल बोलताना तिचा चेहरा बदलायचा. खिडकी कुठल्या बाजूला असेल इथपर्यंत तिचं ठरलेलं होतं.

फाटकापर्यंत ती माझ्याबरोबर आली. "आत चल की," मी म्हणाले. ती म्हणाली, "आज तू जा."

बाई सत्तरीची, कडक इस्त्रीच्या साडीतली, इंग्रजी शुद्ध. मला तिनं व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसवलं, फुलांच्या कपात चहा दिला आणि दुसऱ्याच घोटाला विचारलं, "तुमची माणसं कोण?"

हा प्रश्न मला भालकीत विचारलेला आहे, बिदरमध्ये विचारलेला आहे, गुलबर्ग्याला बी.ए. करताना प्रत्येक घरमालकिणीनं विचारलेला आहे. त्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं, आणि ते खोटंही नव्हतं. अप्पाला, म्हणजे माझ्या वडलांना, चार एकर रान आहे, तूर-सोयाबीन घेतात. मी म्हणाले, "शेतकरी."

बाईंचा चेहरा फुलला. "आम्हीही शेतकरी माणसंच," त्या म्हणाल्या आणि माझ्या कपात आणखी दूध घातलं. त्यांचा हात तर कधी मातीत घातलेला दिसत नव्हता. मला काही समजलं नाही, पण खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "शेतकरी म्हणालीस? अगं, आमच्याकडं शेतकऱ्यांची जात सगळ्यात वरची. एका दिवसात कुठल्या कुठं पोचलीस!" मीही हसले. आमच्याकडं बिदर-गुलबर्ग्यात घर मिळवण्यासाठी जे अर्धंमुर्धं उत्तर द्यायची सवय लागली होती, त्यानं मला इथं डायरेक्ट माडीवर नेऊन बसवलं होतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की तळ्यावरचे लोक वळून बघायला लागले.

अप्पाला फोन केला. अप्पानं पहिलं विचारलं, "माणसं कशी हायत?"

"चांगली हायत अप्पा. बौद्धच हायत."

"बुद्धाच्या गावात जातपात न्हाई बघ," अप्पा म्हणाले. "पोरी, खुर्चीवर बसवलं म्हणतीस?"

"व्हय अप्पा."

"चहा कपात?"

"व्हय."

अप्पानं त्या संध्याकाळी विहारात सगळ्यांना सांगितलं. आईनं कळवलं की दोन दिवस तेच चाललंय, तिला ऐकून ऐकून पाठ झालंय.

मला ते घर आवडायला लागलं होतं. बाई मला चांगलं वागवायच्या. स्वयंपाकघरात घ्यायच्या, खोबरं किसायला द्यायच्या, माझ्या हाताला शेतकऱ्याच्या पोरीची सवय आहे म्हणून कौतुक करायच्या. मैत्रीण एकदा येऊन खोली बघून गेली. तिलाही वेताची खुर्ची आणि फुलांचा कप मिळाला. तिनं ताठ बसून, नीट इंग्रजीत उत्तरं दिली, आणि जाताना फाटकापाशी माझ्याकडं बघून फक्त डोळे मोठे केले. पुढच्या रविवारी वडलांना घेऊन येते म्हणाली.

शनिवारी दुपारी आम्ही खोबरं किसत होतो. बाई सहज म्हणाल्या, "तुझी मैत्रीण हुशार वाटते. आडनावही चांगलं आहे. पण हल्ली लोक पेपरात जाहिरात देतात आणि आडनावं बदलतात, काही सांगता येत नाही. तू तिच्याजवळची आहेस. तिची माणसं कोण?"

त्यांनी मला धमकावलं नाही. धमकावलं असतं तर आज माझ्याकडं सांगायला काहीतरी राहिलं असतं. त्या खोबऱ्याची वाटी फिरवत होत्या आणि आवाज अगदी घरातला होता.

मी "माहीत नाही" म्हणू शकत होते. जिभेवर होतं ते. पण माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते मी लिहून टाकते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्याबद्दल मला विचारत होतं. आजवर माझ्याबद्दल दुसऱ्याला विचारत आले होते. ते विचारणं मला गोड लागलं. आणि दुसरं असं की, ती या घरात राहायला आली की दोन वर्षांत कधीतरी, भांडणात किंवा हसण्याच्या भरात, माझं बिंग तिच्या तोंडून फुटेल ही भीती आठवडाभर मला आतून कुरतडत होती. मी तिला आधी सांगितलं होतं. या घरात माझं खरं तिला एकटीलाच माहीत असणार होतं.

मी म्हणाले, "तिचे वडील देवळात ढोल वाजवतात."

बाई "हं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. माझी बहीण इथं जेवायला येते." आणि किसलेलं खोबरं परातीत ओतलं. मी उरलेली वाटी किसून दिली.

रविवारी बापलेक आले. वडील पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या लुंगीत, केस पांढरे, पाठ ताठ. एका हातात केळ्यांचा घड, दुसऱ्या हातात गुळाच्या लहान ढेपा, पानात बांधलेल्या. मी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत होते, कारण बाईंनी मला तिथं बसायला सांगितलं होतं. समोर फरशीवर दोन बुटकी लाकडी स्टुलं मांडलेली होती. इतक्या दिवसांत मी ती घरात बघितली नव्हती.

वडलांनी स्टूल बघितलं आणि ते त्यावर बसले. सवयीनं, गुडघे छातीशी घेऊन. त्यांचं डोकं माझ्या खांद्याच्या खाली आलं. मैत्रीण उभीच राहिली. तिनं स्टूल बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. तिला विचार करावा लागला नाही. कँडीत हे एकाच माणसाला माहीत होतं.

वडील तिला सिंहलीत म्हणाले, बस. तेवढं मला समजत होतं.

ती बसली नाही. मला इंग्रजीत म्हणाली, "तू ऊठ."

बाई माझ्याकडं बघत होत्या. खुर्चीचे हात मी धरलेले होते. मला उठता आलं असतं, पायांत ताकद होती. एका म्हाताऱ्या भिक्खूवर ओरडणारी मीच होते, तोंड माझंच होतं. पण उठलं की बाई विचारणार, कामून उठलीस, आणि मग मला सांगावं लागणार होतं. खोली जाणार होती. अण्णा, उदगीर, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

मी उठले नाही. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले.

बाईंनी सांगितलं की खोली पुतण्यासाठी राखून ठेवली आहे, वाईट वाटतं. वडील हात जोडून उठले. केळी आणि गूळ त्यांनी बाईंच्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला. मग दोन्ही स्टुलं त्यांनीच उचलली आणि भिंतीशी लावून ठेवली. मैत्रीण त्यांच्या मागोमाग फाटकाबाहेर गेली. मी पोचवायला गेले नाही. केळी बाईंनी संध्याकाळी मला दिली आणि मी खाल्ली, चांगली होती.

त्या आठवड्यात अप्पांनी विचारलं, "ती तुझी मैत्रीण राहायला आली का?"

"न्हाई अप्पा. तिच्या घरचे न्हाई म्हणाले."

"असतात बघ काही घरं," अप्पा म्हणाले. "पोरीला म्होरं जाऊ देत न्हाईत."

मी "व्हय" म्हणाले.

पुढं महिनाभर मी रोज वाट बघत होते की ती बाईंना सांगेल. तिला एक वाक्य पुरलं असतं. बाईंचा फोन वाजला की मी दाराशी जाऊन ऐकायचे. कधी कधी तर मला वाटायचं, सांगून टाकावं तिनं, म्हणजे फिटंफाट होईल आणि मला तिच्यावर चिडता येईल. तिनं सांगितलं नाही. बाईंना नाही, वर्गात कुणाला नाही, दोन वर्षांत एकदाही नाही. माझ्याशी ती बोलायची बंद झाली एवढंच. जेवायला कुठं जायची ते मी कधी शोधलं नाही.

पुतण्या काही आला नाही. दुसरी खोली तशीच होती, खाट घातलेली, गादी गुंडाळलेली. पावसाळ्यात माझ्या खोलीत ओल आली तेव्हा बाई म्हणाल्या, "पुस्तकं खराब होतील, त्या खोलीत ठेव." मी ठेवली. त्या खोलीची खिडकी पूर्वेला होती. सकाळी पुस्तक घ्यायला तिथं गेले की खाली रस्त्यावर डोंगराकडून येणारी पहिली बस थांबताना दिसायची, आणि ती उतरायची. मी खिडकीतून बाजूला व्हायचे. मग दहा मिनिटांनी निघून वर्गात जायचे, तेव्हा ती शेवटच्या बाकावर डोकं ठेवून झोपलेली असायची.

एकदा भन्तेंनी विचारलं, ही रोज का झोपते? ती गाढ झोपेत होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण वर्गात आम्हीच दोघी मैत्रिणी आहोत असं त्यांना पहिल्या आठवड्यापासून वाटत होतं.

मी म्हणाले, "माहीत नाही, भन्ते."